कच्चा भुसा

मिस्त्रींच्या नाकाला सगळी गल्ली वचकून असायची. सुताराची मिजास हातात असावी, यांची सगळी नाकात. कारखान्यात लाकूड आलं की आधी वास. संध्याकाळी रंध्याखालचा भुसा गोळा करतानाही मूठमूठ नाकाशी नेणार. साधं कोरं लाकूड असेल तर एका पोत्यात. ते घरामागच्या खड्ड्यात जायचं, खत व्हायला. प्लायवूड, रंग, पॉलिश, वाळवीचं औषध मारलेलं लाकूड असलं काही असेल तर दुसऱ्या पोत्यात, ते कचरागाडीला. "पोटात जायच्या भाजीला विष घालायचं नाही," हे ऐकून ऐकून काकूंचे कान किटले होते.

काकू म्हणजे त्यांची बायको. भाजीचे वाफे काकूंचे, खड्डा मिस्त्रींचा, आणि हद्दीवरून रोजची जुंपलेली. भुशात ओला पाला, भाजीचे देठ, शेण मिसळून मिस्त्री तो वर्षभर कुजवत ठेवायचे. काकूंना एवढा दम कुठला! "कच्चा भुसा मातीत गेला तर झाडाच्या तोंडचा घास पळवतो," मिस्त्री म्हणायचे. "तुमच्यासारखाच मेला," काकू म्हणायच्या.

त्या वर्षी दूध दोनदा करपलं तरी मिस्त्री काही बोलले नाहीत. शेजारी रंगकाम चाललं होतं, तरी नाक मुरडलं नाही. म्हातारपणी का होईना, माणूस निवळला म्हणून काकू खूश. बहिणीला फोन करून सांगितलंसुद्धा.

मग एका सकाळी खड्डा वरखाली करायला काकूंनी फावडं घातलं आणि भपकारा आला. वाळवीच्या औषधाचा. खाली थरावर थर तोच भुसा.

"अहो, या इकडे! नाक काय गहाण टाकलंत?"

मिस्त्री आले. मूठभर भुसा उचलून हुंगला. पुन्हा हुंगला. मग मूठ तशीच धरून कडेला बसले.

"मला काही वासच येत नाही गं," ते म्हणाले. "बरेच महिने झाले. रंग बघून, अंदाजाने टाकत होतो."

"मग बोलला का नाहीत?"

"तू म्हणाली असतीस, कारखाना बंद करा."

म्हणाल्या असत्या, हे खरंच. पण काकू खोदून खोदून विचारत राहिल्या. हळूहळू सगळंच बाहेर पडलं. रुमालाला रक्त लागायचं, आणि धुळीने झालं असेल म्हणून मिस्त्री तो गुपचूप धुऊन टाकायचे.

डॉक्टरांना नाकाच्या आत गाठ सापडली. जन्मभर भुशाची धूळ श्वासात गेली की होतं कधीकधी, म्हणाले. उशीर झालाय, हेही म्हणाले. बहिणीला फोनवर सांगितलेल्या त्या खुशीची काकूंना फार लाज वाटली. दूध करपलं त्याच दिवशी विचारायला काय झालं होतं? जीव नुसता जळत राहिला.

मिस्त्रींना मात्र घोर त्या बाटलेल्या खड्ड्याचा. खुर्ची टाकून बसले आणि काकूंकडून तो तळापर्यंत उपसून घेतला. पोती भरली. शेजाऱ्याने आपल्या झाडांना मागितली तर त्यालाही दिली नाहीत. मग कारखान्यातला शेवटचा कोरा भुसा आणून नवा खड्डा भरायला घेतला. आता मूठमूठ काकू हुंगायच्या.

"काय येतंय?" मिस्त्री विचारायचे.

"लाकडाचा वास."

"ते मलाही ठाऊक आहे. कसला? गोड, तुरट, कसला?"

काकू वैतागायच्या, आणि मग पाठ फिरवून डोळे पुसायच्या. वासाला शब्द आणायचे कुठून?

उपचार झाले. मिस्त्री वाळत गेले. शेवटी डॉक्टर म्हणाले, आता घरीच ठेवा.

एका दुपारी खाटेवरून मिस्त्रींनी विचारलं, "खत पिकलं का?"

खड्डा अजून कच्चाच होता. पण काकूंना वाटलं, एवढं तरी सुख मिळू दे. "झालं की. काळंभोर."

"आण बघू."

काकूंनी मूठभर आणून त्यांच्या तळहातावर ठेवलं. मिस्त्रींनी बोटांनी चोळून पाहिलं. भुशाचा कण न् कण अजून तसाच हाताला लागत होता.

"खोटारडी," ते हसले. "अजून अख्खा उन्हाळा जायचाय याला. घाई करून वाफ्यात घालू नकोस. थांब."

काकूंनी त्यांचा हात भुशासकट आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला.

"मी थांबते," त्या म्हणाल्या. "पण तुम्हीही थांबा ना हो."