वडिलांचा घडीचा चाकू

‘आमच्या आजोबांनी शिवलेल्या कोटावर खूश होऊन कंटोन्मेंटमधील एका गोऱ्या अधिकाऱ्याने त्यांना घडीचा चाकू भेट दिला. इंग्रजी अमदानीतच आजोबा वारले. पुढे घर विभक्त झाले तेव्हा धाकट्या काकांनी तो कोणास न सांगता नेला.’

हा मजकूर आमच्या समाजाच्या स्मरणिकेत छापून आला आहे. लिहिणारा माझा थोरला चुलतभाऊ. धाकटे काका म्हणजे माझे वडील. ‘न सांगता नेला’ याचा अर्थ कळायला कोशाची गरज नाही. वडील सांगत की चाकू त्यांनी चिक्कपेटेच्या बाजारात स्वतः विकत घेतला. ते आज उत्तर द्यायला नाहीत, मी आहे.

चाकू आणि एक भिंग खिशात घालून मी हेब्बाळहून जयनगरला या चुलतभावाच्या, म्हणजे अण्णाच्या, घरी गेलो.

“अण्णा, साहेब इंग्रज होता ना? मग पात्यावर जर्मनी कसं?”

“लढाईत मिळवला असेल. तू कधीपासून चाकूंचा डॉक्टर झालास?”

“मूठ बघ. हाड नाही, प्लास्टिक आहे. हाडात बारीक काळे ठिपके दिसतात.”

“तसल्या मुठी तेव्हाही होत्या. सरी, ठीक आहे, पुढे बोल.”

हे त्याचे म्हणणे खोटे नव्हते, आणि मी ते मान्य केले. पाते झिजून निम्मे झाले आहे, यावरही त्याने भर दिला. परंतु झीज म्हणजे वय नव्हे. वडील शिंपी होते. खडूला टोक काढायला आणि शिवण उसवायला हाच चाकू घेत आणि रोज सकाळी दगडावर लावत. तसा लावला तर दहा वर्षांचा चाकूही शंभराचा दिसतो.

चाकूचे वय पात्यावर वाचायचे नसते. पाते मुठीला मिळते त्या अरुंद सपाट जागी कारखान्याचा ठसा असतो, तो वाचायचा. आणि तिथेच आमच्या घराने घोटाळा करून ठेवला होता. दर आयुधपूजेला कात्री, मशीन आणि हा चाकू मांडून, अर्धे पाते उघडून, नेमके त्याच जागी ओल्या बोटाने कुंकू लावायची आमची रीत. पूजेचे कुंकू खरवडायचे नाही, हीही रीतच. वर्षानुवर्षांच्या थरांखालून ‘जर्मनी’ तेवढे डोकावत होते. अण्णाने तेवढेच वाचले. कबूल करतो, मीही इतकी वर्षे तेवढेच वाचले होते.

थर काढायला मी काडी हातात घेताच वहिनी म्हणाल्या, “देवाचं कुंकू आहे भावोजी, असं कोरडं खरवडू नका.” मग स्वतःच खोबरेल तेलाची वाटी आणून पुढे ठेवली.

“स्वल्प थांब,” म्हणत अण्णाने चष्मा पुसला आणि भिंग स्वतःच्या हातात घेतले. तेलाने थर फुगला, काडीने निघाला. ‘जर्मनी’च्या आधी आणखी एक शब्द उमटला. अण्णाने तो मोठ्याने वाचला आणि भिंग खाली ठेवले. स्मरणिकेत दुरुस्ती छापायची की नाही, हे त्याने अजून ठरवलेले नाही. म्हणून मी हे इथे लिहून ठेवतो. तो शब्द ‘वेस्ट’ असा आहे, आणि वेस्ट जर्मनी नावाचा देश इंग्रज इथून निघून गेल्यावर अस्तित्वात आला.