दोन दिवसांत येता येतं

बेटाच्या गोष्टी मी आखाडा बाळापुरात इतक्या वेळा सांगितल्यात, की बायको मला चारचौघांत 'बेटाचे राजे' म्हणते — "बेटाचे राजे, गॅस संपलाय." लग्नात पंगत उठली की भाचरं भोवती बसतात आणि मी सुरू. काचेसारखं पाणी, पायाशी येणारे मासे. पण त्या गोष्टीत एक जागा मी दर वेळी ओलांडून जातो. तिथं काय आहे, हे बायकोलाही माहीत नाही. तुम्हालाच पहिल्यांदा सांगतोय.

नव्वदीच्या दशकात मी मालदीवच्या एका बेटावर गणित शिकवायला होतो. बेट केवढं? चालायला लागलो की वीस मिनिटांत परत माझ्याच दारात. कांदा बोटीनं, पत्र बोटीनं, डॉक्टर शेजारच्या बेटावर — तिथंही बोटीनं. मी काय खाल्लं, कुणाशी बोललो, संध्याकाळपर्यंत सगळ्या बेटाला ठाऊक. हे हसून सांगता येतं. भीती सांगता येत नाही.

दुसऱ्या पावसाळ्यात समुद्र खवळला आणि बोट बंद झाली. अकरा दिवस. आमच्या कयाधू नदीला पूर आला तरी लांबूनच नमस्कार करणारा माणूस मी! रोज वाटायचं, आज घरी कुणीतरी गेलं असेल. रोज एकेकाला मारायचो — कधी वडील, कधी बायको. फळ्यावरचं गणित अर्धवट टाकून खुर्चीत बसायचो. मुलांना वाटायचं, सरांना ताप आलाय.

बोट सुरू झाली तसा मी नोकरी सोडतो म्हणालो. पण माझी मूळ प्रमाणपत्रं शाळेच्या कपाटात. तुमच्या जागी माणूस द्या आणि मग जा — तिथली तीच रीत.

सुट्टीत घरी आलो. माणूस घरातच होता. विलास, माझा चुलत भाऊ, बी.एड. होऊन तीन वर्षं बिनपगारी शिकवणारा. काका कधीच गेलेले, काकूंना तो एकटाच. मी फोटो पसरले. कसे पसरले म्हणता! मीच बेट बांधलं असावं असे.

"दादा, मला पोहता येत न्हाई," विलास म्हणाला.

"तिथं पोहायचंय का शिकवायचंय?"

सगळे हसले. मग त्यानं हळूच विचारलं, "आईला काही झालं तर किती दिवसांत येता येतं हो?"

अकरा दिवस माझ्या जिभेवर होते. खरंच होते. पण ते सांगितले तर पुन्हा त्या बेटावर जाऊन राहायचं मलाच.

"दोन दिवसांत," मी म्हणालो. "बराबर दोन दिवसांत."

काकू दाराशी गहू निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं. "तू सांगून राहिलास म्हणल्यावर काय काळजी, बाबा!"

विलास गेला. मी सुटलो.

दीड वर्षानं, ऐन पावसाळ्यात, काकू गेल्या. बेटावर तोवर नवा आलेल्या एकुलत्या एका फोनवर निरोप धाडला. "दादा, बोट न्हाई," एवढंच तो बोलू शकला. मला आश्चर्य वाटलं नाही — वाटल्याचं मी दाखवलं मात्र. कळमनुरीहून बर्फ आणला, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत थांबलो. शेवटी भावकीनं पाण्याचं मडकं माझ्या खांद्यावर दिलं. अग्नी मी दिला. लोक म्हणाले, पोटच्या पोरावानी केलं. मी मान खाली घालून तेही ऐकून घेतलं.

विलास तेराव्यानंतर पोचला. बॅगेसकट सरळ आमच्याकडे आला आणि माझ्या पायांवर डोकं ठेवलं. बराच वेळ उठला नाही. मग डोळे पुसत विचारलं, "दादा, तुमच्या वेळंला पडली होती का हो अशी बंद बोट?"

आता तरी? काकू गेलेल्या, मला परत कुणी पाठवणार नव्हतं. मग भीती कशाची उरली होती? उरली होती — तो मला बघत होता, त्या बघण्याची.

"कधीच न्हाई," मी म्हणालो.

"मग माझंच नशीब," तो म्हणाला.

आजही तो तसंच म्हणतो. त्याच्या मुलांनाही त्यानं तसंच सांगितलंय, माझ्यासमोर. मी मान डोलावली.