रजेतली क्वारंटाइन लाइन

गुरांचा लम्पी रोग आमच्या जिल्ह्यात शिरला त्या वर्षी मी फौजेत नोकरीला होतो. पोस्टिंग उत्तरेच्या डोंगरात, अॅनिमल ट्रान्सपोर्ट कंपनीत. ट्रेड, म्हणजे नेमून दिलेले काम, ड्रायव्हर. ड्रायव्हर म्हटले की लोकांना ट्रक दिसतो. आमच्याकडे ड्रायव्हर म्हणजे खेचराचा लगाम धरून चालणारा जवान. ट्रकचा रस्ता जिथे संपतो तिथून पुढे राशन, रॉकेल, दारूगोळा खेचराच्या पाठीवर जातो.

मी आठवीत शाळा सोडलेला माणूस. लिहायची सवय रिपोर्टापुरती. आता रिटायर होऊन अंबाल्याकडे एका गोडाऊनवर सिक्युरिटीला आहे. इथे मराठी बोलायला कोणी नाही, म्हणून कागदाशी बोलतो. काही चुकले तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावे. विशेषतः माझ्या मामाच्या गावच्या, ब्राह्मणपुरीच्या कोणाच्या हाती हे पडले तर.

आधी आमचे रूटीन सांगतो, नाहीतर पुढची माझी चिडचिड कळणार नाही. फौजेत लस म्हणजे हुकूम. तारीख ठरते. खेचरे लाइनीत उभी राहतात. वेटरनरीचे साहेब येतात. एका जनावराला एक सुई, ती फेकली की दुसरी. आमचीही पाळी असते, तेव्हा आम्ही बाही वर करून फॉल-इन. का म्हणून कोणी विचारत नाही. नवे खेचर आले की ते आधी क्वारंटाइन लाइनमध्ये जाते. त्याची बादली वेगळी, ब्रश वेगळा, दाण्याचा तोबरा वेगळा. त्याचा जवानसुद्धा दुसऱ्या लाइनीत पाय ठेवत नाही.

आमचे सुभेदार साहेब गढवालचे. ते आमचा क्लास घेत. जुन्या लढायांत गोळीपेक्षा रोगाने जास्त जनावरे मेली, हे त्यांचे पहिले वाक्य असायचे. मग ते देवीच्या लसीची गोष्ट सांगत. विलायतेत गाई दोहणाऱ्या बायांच्या हातावर गाईची देवी उठायची, आणि अशा बायांना माणसांची मोठी देवी येत नसे. एका डॉक्टरने ते हेरले. गाईच्या देवीचे पाणी माणसाच्या दंडात टोचले आणि माणूस वाचू लागला. पुढे माणसाची देवी जगातून गेली, गुरांची बुळकांडीही गेली, दोन्ही लसीने. साहेब म्हणत, "गाय ने आदमी को बचाया, अब आदमी का नंबर है।" मला ही गोष्ट फार आवडायची. गावी गेल्यावर नानांना सांगायची असे मी ठरवून ठेवले होते.

नाना म्हणजे माझे सख्खे मामा. माझे घर म्हसावदचे. वडील लवकर गेले, तेव्हा नानांनी मला ब्राह्मणपुरीला आणले. माझे शाळेत लक्ष नव्हते. त्यांनी मारले नाही, कामाला लावले. भरती निघाली तेव्हा माझ्यासोबत एसटीने आले आणि दिवसभर मैदानाबाहेर उन्हात बसून राहिले. मी धावलो तो मामीच्या डब्यावर. माझ्या अंगावर वर्दी चढली ती या दोघांमुळे, हे मी रोज मनात म्हणतो.

रजा मिळाली ती पोळ्यानंतर. गुरांचे बाजार बंद होते. पोळाही त्या वर्षी मिरवणुकीविना, घरच्या घरी झाला होता. मी बॅग ओट्यावर ठेवली आणि सरळ गोठ्यात गेलो. हरण्या आणि चांद्या, नानांची जोडी. डोळे पाहिले, नाक पाहिले, अंगावरून हात फिरवला. दोघे ठणठणीत. मागून मामी म्हणाली, "मामीना आधी बैलले भेटस हाऊ. सासरवाडीले बी असाच करजो."

संध्याकाळी ओट्यावर शेजारचे चारजण जमले. मी सुभेदार साहेबांची गोष्ट सांगितली. लम्पीवर आता शेळीच्या देवीची लस गाईबैलांना देतात, हेही सांगितले. ते खरेच आहे, दोन्ही रोग एका घरातले. नाना तंबाखू मळत ऐकत होते. म्हणाले, "गायनी देवी माणूसले, शेळीनी देवी गायले. आन् माणूसनी देवी कोणले देतस रे, पुढारीले?"

सगळे हसले. पण लस टोचायला नाना तेव्हा तयार होते. त्यांच्या दंडावर लहानपणी देवी टोचल्याचा व्रण आहे. बुळकांडीही त्यांना आठवत होती. गावात चारा उरला आणि खाणारे उरले नाहीत, असे ते म्हणाले. "येऊ दे मॅडमले, टोचू दे," हे त्यांचेच शब्द.

आता मॅडमची वाट पाहणे आले. पशुसंवर्धनच्या वळवी मॅडम, मूळ अक्कलकुव्याकडच्या, खापरजवळच्या एका पाड्याच्या. वय माझ्यापेक्षा कमी. त्यांच्याकडे बरीच गावे, मोटरसायकल एक आणि बर्फाचा डबा एक. मी फोन केला की त्या म्हणत उद्या. उद्या म्हणत, साठा आला नाही. साठा आला तर आधी जिथे रोग आहे त्याच्या भोवतीची गावे. मॅडम खोटे बोलत नव्हत्या. पण मला झोप लागेना. फौजेत राशन उशिरा आले तर कोणाला तरी जाब विचारता येतो. इथे जाब विचारायचा कोणाला, ते कळेना. मी रोज सकाळी दोन्ही बैलांच्या कानामागे हात लावून ताप पाहायचो. शेजारी म्हणायचे, खेचरांचा डॉक्टर राउंडला निघाला.

एका सकाळी हरण्याचा कान तापलेला लागला. दुसऱ्या दिवशी मानेवर गाठी आल्या, मग पाठीवर, मग पायाला सूज. नानांनी गाठी पाहिल्या आणि हात जोडले. मामीने निंबाचा डहाळा आणून गोठ्याच्या दाराला बांधला.

आमच्याकडे घरात माता आली, म्हणजे कोणाच्या अंगावर पूर्वी देवी, आता कांजण्या उठल्या, की असा डहाळा लागतो. बाहेरचे कोणी आत येत नाही. घरातले कोणी दुसऱ्याकडे जात नाही. फोडणी देत नाहीत. जनावराच्या अंगावरच्या गाठींनाही मामीने तोच मान दिला. ग्रामपंचायतीच्या भोंग्याने कितीतरी दिवस ओरडून सांगितले होते की आजारी गुरे वेगळी बांधा, आणि कोणी ऐकले नव्हते. हा एक डहाळा लागल्याबरोबर आमच्या गोठ्याकडे येणे सगळ्यांनी बंद केले. दूध घालायला येणारी बाईसुद्धा कोपऱ्यावर थांबू लागली.

मला इतका आनंद झाला की मी सुभेदार साहेबांना फोन लावला.

"साब, गाँव में क्वारंटाइन लग गया।"

"किसने लगाया?"

"मामी ने।"

"तुझसे अच्छी हवलदार है। दूसरा बैल?"

"ठीक है साब।"

"उसको वैक्सीन दिलवा। जल्दी।"

त्याच आठवड्यात मॅडम आल्या. गावातली गुरे एका जागी जमवू नका, दारोदार जाऊ, हे मी आधीच सांगून ठेवले होते आणि त्यांना ते पटले होते. मी बर्फाचा डबा धरला. बाटलीतली पूड पाण्यात कालवली की काही तासांत वापरावी लागते, नाहीतर फेकायची. आम्ही भराभर गल्ल्या संपवल्या. नानांचा गोठा शेवटी ठेवला, म्हणजे तिथली माती पायांनी दुसरीकडे जायला नको. दाराशी आलो तर नाना डहाळ्याखाली उभे.

मॅडम म्हणाल्या, "नाना, हरण्याला मी हात लावत नाही. आजारी जनावराला ही लस देतच नाहीत. फक्त चांद्याला द्यायची आहे."

"आते नही, मॅडम."

"का?"

"देवी घरमा शे."

"ती हरण्याला आली आहे. चांद्या चांगला आहे."

"देवी गोठामा उनी. एकटा हरण्यामा नही."

मी मध्ये पडलो. नानांचा हात धरून बाही वर केली. म्हटले, नाना, तुमच्या दंडावर हे काय आहे? सुईच टोचली होती ना?

नानांनी हात सोडवून घेतला. रागावले नाहीत. "तवय ती उनी नव्हती, भाईदास. ती येवाना आधी टोचं. आते ती येल शे. पाव्हणी घरमा बठेल शे आन् तिन्हासमोर मी सुई काढू?"

तसे पाहिले तर अर्धी गोष्ट मॅडमही तीच म्हणत होत्या. रोग आल्यावर टोचत नाहीत. फरक इतकाच की मॅडमच्या हिशेबात एक जनावर म्हणजे एक अंग, आणि नानांच्या हिशेबात सगळा गोठा एक अंग. ज्या डहाळ्याने सगळे गाव बाहेर ठेवले, त्याच डहाळ्याने लसही बाहेर ठेवली. मी म्हटले, चांद्याला दुसऱ्याच्या गोठ्यात नेतो, तिथे टोचू. नाना म्हणाले, माता असलेल्या घरातले जनावर कोण घेईल? तेही खरे होते. मीच घेऊ दिले नसते.

मामीकडे पाहिले. ती आत गेली.

मॅडमना मी कोपऱ्यावर घेऊन गेलो. नाना दुपारी शेतात जातात, तेव्हा या, मी बैल धरतो, असे म्हणालो. त्या म्हणाल्या, "दादा, मालक नाही म्हणतो तिथे मी सुई उघडत नाही. आज इथे चोरून टोचलं, तर उद्या पाड्यावर माझ्यासमोर कोण जनावर उभं करेल?"

मी परत सुभेदार साहेबांना फोन लावला. खरे तर मला हुकूम पाहिजे होता.

"साब, मामा मना कर रहे हैं।"

"घर में कमांड किसकी?"

"मामा की।"

"तो ऑर्डर उनका। तू अपनी लाइन सँभाल। आउट।"

मॅडमनी उरलेली लस आमच्यासमोर खड्ड्यात घातली आणि निघाल्या. चांद्या गोठ्यातून पाहत होता. त्याचा रवंथ चालू होता.

मग मी लाइन सांभाळली. चांद्याला मागे चिंचेखाली बांधले, त्याला नानांनी हरकत घेतली नाही. बादली वेगळी केली. निंबाचा धूर केला. माझी फौजी मच्छरदाणी त्याच्यावर ताणली, तेव्हा गल्लीतली पोरे हसायला जमली आणि डहाळा पाहून परतली. हरण्याचे मामी करायची, चांद्याचे मी. पण मधे अंगण केवढेसे. रोग वाहणाऱ्या माशीवर कोण पहारा ठेवणार?

नाना रोज चिंचेखाली येत, चांद्याच्या कपाळाला हात लावत आणि माझ्याकडे न पाहता परत जात. मी जेवताना बोलायचो नाही. मामी वाढायची. ज्या ताटात मी लहानपणी जेवलो त्याच ताटात जेवत होतो आणि मनात भांडत होतो. एकदा तोंडून निघालेच, की खेचराला तरी आमच्याकडे या बैलापेक्षा जास्त हक्क आहे. नाना म्हणाले, "तुन्हा खेचरना मालक सरकार शे. मन्हा बैलना मी शे."

हरण्याची सूज उतरू लागली. गाठी फुटून वाळू लागल्या. तो वैरण ओढू लागला त्याच दिवसांत चांद्याचा कान तापला.

त्याला गाठी कमी आल्या, पण रोग छातीत गेला. श्वास मोठा झाला. त्याला परत गोठ्यात आणले. तेव्हा नाना स्वतः म्हणाले, "बलाव मॅडमले." मी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. म्हणाले, "देख काय ऱ्हायना? बलाव."

मॅडम लगेच आल्या. डहाळा दाराला तसाच होता, त्याच्याखालून आत आल्या. आता लस नव्हती, औषधाची इंजेक्शने होती. त्या रोज येत गेल्या. नाना स्वतः चांद्याचे डोके मांडीवर धरून बसत. सुई आत जाताना तोंड फिरवत नसत. मॅडमनी एका शब्दानेही मागचे काढले नाही. मी त्यांना विचारले, त्या दिवशी टोचली असती तर? त्या म्हणाल्या, लस अंगात मुरायला दिवस लागतात, रोग आधीच आत असेल तर तिचाही इलाज नसतो. म्हणून तो वाचला असता असे मीही इथे छातीठोक लिहू शकत नाही. पण त्याच्या वाट्याची संधी होती, ती गेली. हे मात्र सांगू शकतो.

चांद्या सकाळी गेला, ऊन वर येण्याआधी. कापसाच्या बांधाला खोल खड्डा घेतला, चुना टाकला. नाना खड्ड्याच्या कडेला उभे होते. म्हणाले, "हरण्याले सोडी गई आन् याले लई गई. मी तिले काय कमी करं रे, भाईदास?"

माझ्याकडे उत्तर होते. सुभेदार साहेबांच्या क्लासमधले सगळे तोंडपाठ होते. मी फावडे उचलले आणि माती लोटू लागलो. त्या माणसाला त्या जागी ते उत्तर देण्याचे माझ्याने झाले नाही, आणि न दिल्याचा त्रास अजून जात नाही.

रजा संपली. मी युनिटला रिपोर्ट केले. पुढच्या वर्षी पावसाआधी मामीचा फोन आला. वळवी मॅडम लस घेऊन आल्या होत्या, आणि नाना हरण्याला व नव्या गोऱ्ह्याला घेऊन गल्लीत सगळ्यांच्या पुढे उभे होते. मामी म्हणाली, नाना आता दुसऱ्यांवर ओरडतात, देवी येण्याआधी टोचून घ्या म्हणून. मला बरे वाटले. रागही आला. कोणाचा, ते आजही नेमके सांगता येत नाही.

आमच्या कंपनीत प्रत्येक खेचराच्या खुरावर नंबर डागलेला असतो. ड्युटीवर जनावर पडले की त्या नंबराने त्याची नोंद होते: रंग, वय, कारण. संध्याकाळच्या फॉल-इनला सुभेदार साहेब तो नंबर वाचतात आणि आम्ही सावधानमध्ये उभे राहतो. त्या सकाळी बांधावर, माती लोटण्याआधी, सवयीने मी खाली वाकून चांद्याचा खूर पाहिला होता. खूर कोरा होता. त्याची नोंद कोणत्याही फॉल-इनला वाचली गेली नाही, म्हणून इथे लिहितो.

चांद्या. बैल. पांढरा, कपाळावर करडा ठिपका. जोडीत उजव्या अंगाला चालणारा. ब्राह्मणपुरी, तालुका शहादा. कारण, लम्पी. लस दारापर्यंत आली होती.