खिडकीपर्यंत जाऊन येणं

विमा कंपनीच्या आमच्या शाखेत त्यांना सगळे निवांतराव म्हणत. नाव आम्हीच ठेवलेलं, आणि त्यात कौतुक कमी, टोमणा जास्त. माझं टेबल त्यांच्या शेजारी. माझ्याकडे पत्ते आणि फोन नंबर बदलून द्यायचं सोपं काम, तरी दुपारच्या आतच माझ्या नाकी नऊ यायचे. डबा मी कीबोर्डसमोरच उरकायची आणि जो समोर येईल त्याच्यावर खेकसायची.

निवांतरावांकडे मात्र घरातलं माणूस गेलेले लोक येत. कुणी रडत, कुणी भांडत, कुणाला सही कुठे करायची तेही सुचत नसे. निवांतराव त्यांना घाई करत नसत. काम झालं की दारापर्यंत सोडत, मग समोरची खुर्ची उचलून भिंतीला लावत, टेबल पुसत आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहत. परत येऊन स्वतःच्या हाताने खुर्ची मांडत आणि पुढच्या माणसाला म्हणत, "या, बसा." आवाज असा, की हेच दिवसातलं पहिलं माणूस.

"स्वारी हवा खायला निघाली," आम्ही कुजबुजायचो. पण संध्याकाळी माझ्या टेबलावर ढीग आणि त्यांचं टेबल लख्ख, हे कोडं मला कधी सुटलं नाही. एकदा मी त्यांच्या घरी गेले होते. त्यांची बायको हसत म्हणाली, हे घरी येतात ते शीळ घालत. ऑफिसात नेमकं कसलं काम करतात, हे तिला लग्नानंतर कितीतरी वर्षांनी कळलं होतं. मी तोंडात बोटच घातलं.

मग नवे साहेब आले. काचेच्या केबिनमधून त्यांना नेमकं खिडकीपाशी उभं राहणंच दिसलं. त्यांनी घंटी बसवली. एक माणूस उठला की साहेब बटण दाबणार आणि पुढच्याने लगेच बसायचं. रेंगाळलात तर तळघरात जुन्या फायली लावायला जा, असंही सुनावलं. निवांतराव मान हलवून कामाला लागले. त्या आठवड्यात शीळ नव्हती. माझ्याशीही ते धड बोलले नाहीत.

एका सकाळी एक बाई आल्या. त्यांचा तरुण मुलगा अपघातात गेला होता. त्या पदर डोळ्यांना लावून उठल्या, तोच घंटी वाजली. त्या दारातून बाहेर पडायच्या आत एक गृहस्थ खुर्चीत येऊन बसले. त्यांची बायको गेली होती. घंटी बसायच्या आधी ते एकदा येऊन, बराच वेळ रांगेत थांबून परत गेले होते. निवांतरावांची नजर अजून दाराकडेच होती. नेहमीच्या मऊ आवाजात ते म्हणाले, "तुमचा मुलगा गेला, फार वाईट झालं."

त्या गृहस्थांचा चेहरा पांढराफटक पडला. "मुलगा? तो तर शाळेत आहे." त्यांनी शाळेला फोन लावला. निवांतराव उठून त्यांच्या शेजारी उभे राहिले आणि फोनमधून मुलाचा आवाज येईपर्यंत हलले नाहीत. मग हात जोडून म्हणाले, "चूक माझी. आधीच्या बाईंचा मुलगा गेलाय. त्या अजून माझ्या मनातून उठल्या नव्हत्या."

साहेब केबिनच्या दारात आले होते. निवांतराव त्यांना म्हणाले, "मला तळघरात पाठवा साहेब. त्या घंटीवर हे टेबल मला जमणार नाही."

निवांतरावांनी त्या गृहस्थांचं काम मात्र नीट, न चुकता पुरं केलं. मला वाटलं, आता हे गृहस्थ तक्रार लिहून देणार.

गृहस्थ उठले. त्यांनी समोरची खुर्ची उचलली आणि भिंतीला लावली. रांगेतले लोक पुढे सरकले, तसे ते त्यांची वाट अडवून उभे राहिले.

"जरा थांबा," ते म्हणाले. "यांना खिडकीपर्यंत जाऊन येऊ द्या."

रांग थांबली. घंटी वाजली नाही, आणि त्यानंतर ती कधीच वाजली नाही. निवांतराव त्या दिवशी खिडकीपाशी नेहमीपेक्षा जास्त वेळ उभे होते. माझ्यासमोरचा माणूस ताटकळत होता, आणि मी त्याच्यावर न खेकसता त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. मला अक्षरशः त्यांच्या पाया पडावंसं वाटत होतं.

मग ते परत आले, खुर्ची मांडली आणि रांगेतल्या पुढच्या आजींना म्हणाले, "या, बसा."