हेतू सांग

बाबांचा मला राग येतो. येतो म्हणजे आजही येतो, आणि तो गिळायचं मी आता सोडून दिलं आहे.

बाबा तर्कशास्त्राचे मास्तर. मारेगावच्या आमच्या घरी काही मागायचं तर पाच अवयवांत मागायचं, असा त्यांचा कायदा: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. डोंगरावर विस्तव आहे ही प्रतिज्ञा, कारण धूर दिसतो हा हेतू, जसं महानस हे उदाहरण. महानस म्हणजे स्वयंपाकघर! जन्मात कधी तिथं पाऊल टाकलं नाही, पण उदाहरणाला रोज तेच. सहलीला जायचं असो की चप्पल घ्यायची असो, एक अवयव चुकला की "दोष आहे" म्हणून हे पेपर वाचायला मोकळे. आईनं तर मागणंच सोडलं होतं.

मागच्या हिवाळ्यात एकदाच तिनं तोंड उघडलं. गॅसवरचं पाणी बाबांना चालत नाही, म्हणून ती पहाटे अंगणात कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवून त्यांच्या आंघोळीचं पाणी तापवायची. खोकून खोकून जीव अर्धा व्हायचा. डॉक्टरांनी धूर बंद करा म्हणून बजावलं होतं. मी तेव्हा माहेरीच होते.

"अहो, गिझर घेऊ न," आई म्हणाली. "धुरानं मले खोकला येते."

"हेतू सांग," बाबा म्हणाले. वर शिकवणीही घेतली, की जिथं धूर तिथं विस्तव, असं कधीच न चुकणारं नातं म्हणजे व्याप्ती. "माही माय जन्मभर चुलीपुढं बसली, कधी खोकली नाही. व्याप्ती मोडली. संपलं."

डोंबलाची व्याप्ती! बाई समोर खोकून निळी पडून राह्यली अन् हा माणूस दोष काढून राह्यला. माझं टाळकंच सरकलं. त्याच दुपारच्या एसटीनं मी आईला राळेगावला, माझ्या घरी घेऊन आले.

महिन्याभरानं त्यांचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला.

"तुह्या आईले पाठव."

"ही प्रतिज्ञा झाली, बाबा. हेतू सांगा."

मग म्हणाले, "पाणी कोण तापवीन?"

खोकला कसा आहे, हे विचारलंसुद्धा नाही. मी म्हटलं, "बरं. आता उदाहरण द्या." पाचही अवयव त्यांच्याकडून वदवून घ्यायचे, असं मी ठरवलंच होतं.

आई बाजूला तुरीच्या शेंगा सोलत बसली होती.

"उदाहरण नोको मागू," ती म्हणाली. "सापडन त्याईले एखादं. मंग मले जा लागन. ठेव फोन."

मी ठेवला. एवढं बोलली, पण मधे एकदाही खोकली नाही.