शुक्रवारची सभा मी रविवारी नेली

आमच्या ख्रिस्ती मंडळीत बायकांना उत्तेजन देण्याचं खातं माझ्याकडे होतं. तसं खातं कुठे लिहिलेलं नव्हतं. पण मी पेशानं पडघ्याच्या शाळेत मास्तर, आवाज खणखणीत, आणि गप्प बसण्याचा गुण अंगात औषधालाही नाही. त्यामुळे महिलांचा कार्यक्रम असला की पाळकसाहेब मलाच उभं करत आणि म्हणत, "मास्तर आता चार उत्तेजनाचे शब्द बोलतील." माझे चार शब्द पाऊण तास चालत.

माझा ठेवणीतला संदेश दोन बहिणींचा. प्रभू घरी आलेला, एक बहीण चुलीपाशी राबतेय, दुसरी त्याच्या पायाशी बसून ऐकतेय, आणि बसून ऐकणारीनंच बरं ते निवडलं. एका वर्षी मी हा संदेश इतका रंगवला की माझेच डोळे भरून आले. समोर बायका मात्र मोजक्याच होत्या. बाकीच्या मागच्या पडवीत आम्हा पुरुषांसाठी बटाटेवडे तळत होत्या. आमेन म्हटल्याबरोबर मी पडवीत डोकावलो, "झाले का?" म्हणून विचारलं आणि दोन वडे उभ्याउभ्याच संपवले.

घरी येताना बायको म्हणाली, "छान बोललात. ज्यांच्यासाठी बोललात त्यांना तेवढं ऐकू आलं नाही. तेल कडकडत होतं ना."

मी ते कौतुक समजलो.

हे ऐंशीच्या दशकातलं. आमचं प्रार्थनागृह म्हणजे भिवंडीत निजामपुऱ्याच्या कडेला, एका गल्लीत भाड्यानं घेतलेली लांबट खोली. पलीकडची भिंत लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, कारखान्याची. रविवारी सकाळी आमची उपासना आणि त्यांची शिफ्ट एकाच वेळी चाले. पाळकसाहेब आशीर्वादसुद्धा ओरडून देत. बाहेरगावचा पाहुणा आला तर त्याला वाटे, कोणावर तरी रागावलेत. भिवंडीत लूमची सुट्टी शुक्रवारी. त्या दिवशी मात्र आमच्या खोलीत माणसाला स्वतःचा श्वास ऐकू येई.

दर शुक्रवारी दुपारी तिथंच मावशींची प्रार्थनासभा भरत असे. मावशी म्हणजे दवाखान्यातल्या एका कंपाउंडरची बायको, मूळच्या नगरकडच्या, ठेंगण्या, पन्नाशीला आलेल्या. आवाज इतका हळू की भाजीवालाही दोनदा "क्या बोली?" म्हणून विचारी. त्यांना कोणी नेमलं नव्हतं. त्या सतरंजी अंथरून बसत आणि बायका येत, एवढंच.

एकदा मी कुतूहलानं जाऊन बसलो. एकजण सासूबद्दल बोलली, एकजण मुलाच्या तापाबद्दल, एक नुसतीच रडली. मावशी ऐकत होत्या. मग त्यांनी डोळे मिटले आणि एकेकीचं नाव, तिच्या पोरांचं, दारुड्या नवऱ्याचंसुद्धा नाव घेऊन त्या प्रभूशी बोलल्या. शेजारीण कुंपणापलीकडून बोलते ना, तसं. प्रस्तावना नाही, मुद्दे नाहीत, समारोप नाही. मला ते पाठाचं टाचण न काढता वर्गात गेल्यासारखं वाटलं. पण काम चांगलं आहे, एवढं मात्र मला कळलं. आणि तिथंच घोटाळा झाला. मी ठरवलं, ह्या सेवेला उत्तेजन द्यायचं.

महिनाभरात मी त्या सभेला एक कार्यकारिणी दिली, लाल कापडावर पांढऱ्या अक्षरांचा एक फलक दिला, आणि गीत, वचन, संदेश, साक्ष, आभार अशी कार्यक्रमपत्रिका दिली. शेवटी सगळ्यात मोठी देणगी: सभा शुक्रवारऐवजी रविवारी, उपासनेला लागूनच, सगळ्या मंडळीसमोर. बायकांनी कोपऱ्यात बसून सेवा का करावी? मंडळीच्या पंचांनी ठराव एकमतानं मंजूर केला. पंचांत बाई एकही नव्हती, हे मला त्या वेळी सुचलंसुद्धा नाही.

मावशी घरी आल्या. बायकोनं चहा टाकला.

"मास्तर, शुक्रवारच राहू द्या ना."

"मावशी, तुम्ही नम्र आहात, म्हणून असं म्हणता."

"नम्र कसली! शुक्रवारी बायांना सुट्टी असते."

"अहो, रविवारी तर सगळ्या जगाला सुट्टी असते!"

"तुमच्या शाळेला असते," मावशी म्हणाल्या आणि हसल्या.

स्वयंपाकघरात बायकोनं पातेलं जरा जोरात आपटलं. मी त्यावर सेवेनं उजेडात यावं कसं, ह्याचं विवेचन केलं. मावशींनी चहा संपवला, कप स्वतः विसळून ठेवला आणि म्हणाल्या, "बरं. तुम्ही म्हणता तसं करू."

त्या 'बरं'ला मी होकार समजलो. बायकोला तो काय वाटला हे मी विचारलं नाही. तिनं सांगितलं असतं.

पहिल्या रविवारी मी भाड्यानं माईक आणला. मावशींचा आवाज लहान, त्याला आधार हवा, हे माझं शास्त्रीय अनुमान. पण माईक काही विश्वासी-अविश्वासी बघत नाही. त्यानं मावशींचा आवाज वाढवला आणि भिंतीपलीकडच्या लूमचाही वाढवला. खोलीत दुप्पट कारखाना सुरू झाला. मावशी दोन वाक्यं बोलल्या असतील. मी बाजूनं हात वर करून त्यांना खुणावत होतो, मोठ्यानं! अजून मोठ्यानं! त्या थांबल्या. माझ्याकडे बघितलं, माईक माझ्यापुढे धरला आणि म्हणाल्या, "तुम्हीच बोला, मास्तर."

मी बोललो. पुढच्या रविवारीही बोललो. हळूहळू महिलांच्या सभेचा संदेश म्हणजे माझाच संदेश झाला. मावशी पहिल्या रांगेत मांडीवर हात ठेवून बसत. काही महिन्यांनी त्या तिसऱ्या रांगेत दिसू लागल्या, मग दारापाशी. शुक्रवारी येणाऱ्या कितीतरी बायका रविवारी फिरकल्याच नाहीत. मला त्यांचा राग आला. एकदा तर नाव न घेता 'थंड पडलेला विश्वास' म्हणून मी त्यांना संदेशात चांगलं झोडपलं. त्या तिथे नव्हत्याच, त्यामुळे ते सगळं मावशींनी ऐकलं.

शेवटी दोष कोणाचा हे मी शोधून काढलं. दोष लूमचा! मी कारखान्याच्या मालकांकडे गेलो. शेठ कोकणी मुसलमान, पिढ्यान्‌पिढ्या गावातले, माझ्याहून बोलके. म्हटलं, "शेठ, रविवारी एक तास मशीनं बंद ठेवता येतील का?"

शेठनी आधी चहा मागवला, मग हसून घेतलं.

"मास्तर, तुमच्या बायका जुम्म्याला जमायच्या तेव्हा माझं एक मशीन चालू नसायचं. अल्लानं फुकट दिलेली शांती सोडून तुम्ही माझ्याकडे विकत मागायला आलात?"

मी चहा बशीत ओतला.

"आणि माझ्या कांडीवाल्या बाया? चार-पाच जणी यायच्या तुमच्यात. रविवारी ड्युटी सोडून येतील तर खातील काय? मला वाटलं, तुम्ही लोकांनीच त्यांना नको म्हटलं."

कांडीवाल्या म्हणजे लूमच्या धोट्यात बसणाऱ्या कांड्यांवर सूत भरणाऱ्या बायका. रविवारी त्या भिंतीपलीकडे होत्या. मी ज्यांना थंड म्हणून झोडपत होतो, त्या माझ्यापासून एका विटेच्या अंतरावर उभ्या राहून काम करत होत्या. त्यांची आठवड्यातली एकच उपासना शुक्रवारी होत होती. ती मी बंद केली होती, आणि वर फलक लावला होता.

तसाच मावशींकडे गेलो. दारातूनच म्हणालो, "मावशी, सभा परत शुक्रवारी!"

त्या तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही आम्हाला फार उत्तेजन दिलंत. आता थोडी विश्रांती द्या."

मी हसलो. त्याही हसल्या, पण ताट बाजूला ठेवलं नाही. यजमान निवृत्त होताहेत, पुढच्या महिन्यात गावी जायचंय, असं सांगितलं. मधे दोन शुक्रवार त्या एकट्याच जाऊन बसल्या होत्या म्हणे. बायकांना वाटलं, सभा संपली. कोणी शुक्रवारची धुणीभांडी धरली, कोणी अकलोलीला आईकडे जायला लागली.

"तुम्ही मला सांगायचं ना, मावशी."

"सांगितलं होतं. तुम्ही शाळेची सुट्टी सांगितलीत."

त्यांनी दोन खडे वेचून बाजूला टाकले. मग खाली बघूनच म्हणाल्या, "मला संदेश देता येत नाही. मला नुसतं त्यांच्याबरोबर बसता येतं. मला वाटायचं, प्रभूला तेवढं पुरतं. तुम्ही फलक लावलात तेव्हा वाटलं, पुरत नसावं."

इतकी वर्षं उत्तेजनाचं खातं सांभाळलेल्या माणसाला ही एक संधी चालून आली होती. 'पुरत होतं' एवढे दोन शब्द बोलायचे होते. मी म्हणालो, "मावशी, सेवेत चढउतार यायचेच."

त्या म्हणाल्या, "हो." आणि चहाचं विचारलं.

भगिनींनो, तुम्हाला उत्तेजन मिळेल असं काही लिहा, असा तुमच्या मंडळाकडून मला निरोप आला तेव्हा माझी बायको खूप हसली. तिचं हसणं रास्त आहे. तरीही लिहितो, कारण ते दोन शब्द माझ्याकडे तसेच पडून आहेत आणि ज्यांना द्यायचे त्या मावशी आता हयात नाहीत. तुमच्यातली कोणी आजाऱ्याच्या उशाशी बसत असेल, कोणी रविवारच्या शब्बाथशाळेतल्या पोरांची नाकं पुसत असेल, कोणी वडे तळता तळता शेजारणीचं दुखणं ऐकत असेल आणि त्याच रात्री तिचं नाव घेऊन प्रार्थना करत असेल. तुमच्या कामाला व्यासपीठ नाही, आवाज लहान आहे, म्हणून ते अर्धं आहे असं कोणी सुचवलं, तर त्याचं ऐकू नका. पुरतं. ज्याची सेवा करता त्याला लहान आवाज ऐकू येतो, त्याला माईक लागत नाही. आणि माझ्यासारखा कोणी गृहस्थ उत्साहानं तुम्हाला सुधारायला आलाच, तर त्याला सतरंज्या झटकायला सांगा. तेवढं काम आम्हाला बरं जमतं. हे मी अनुभवानं सांगतो, कारण पुढे नव्वदच्या आसपास माझ्या बायकोनं शुक्रवारची सभा पुन्हा धरली आणि मला सतरंजीवर नेमलं. तीन-चार जणी येत. पूर्वीची भरती काही परत आली नाही.

ती सभा सुरू करण्याआधी बायको म्हणाली, "जुन्या बायांना स्वतः जाऊन सांगा. तुम्ही मोडलीत, तुम्हीच बोलवा." म्हणून एका सकाळी शाळेला जाताना मी तिला घेऊन कारखान्याच्या दाराशी उभा राहिलो. शिफ्ट सुरू व्हायच्या बेतात होती. पूर्वी शुक्रवारी येणारी एक कांडीवाली दिसली. केसांत कापसाचे तंतू, कमरेला खोचलेला पदर.

"मावशी न्हाय आल्या?" तिनं बायकोला विचारलं.

"गावी गेल्या ग. कायमच्या."

"मंग सबा कोन घेनार? ह्ये?" तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "न्हाय बा. मास्तर लय बोलतात."

बायकोनं पदर तोंडाला लावला.

मी म्हणालो, "सभा ह्या घेणार, मी नाही. तू ये."

"बगते. शुक्रवारी आता भांडी हायेत माज्याकं." ती वळली आणि परत थांबली. "माज्या पोराचा पाय अधू हाय. मावशी दर शुक्रवारी त्याचं नाव घ्यायच्या. आता कोन घेतं?"

"मी घेतो," मी म्हणालो. "आत्ताच घेतो."

तिनं तिथंच हात जोडले, डोळे मिटले. मीही मिटले आणि सुरुवात केली: हे परमदयाळू, सर्वसमर्थ, आकाश व पृथ्वी निर्माण करणाऱ्या आमच्या स्वर्गीय पित्या, आजच्या ह्या रम्य प्रभातसमयी आम्ही तुझी अपात्र लेकरे...

आतून मुकादमाची हाक आली. "आमेन," ती म्हणाली. मी डोळे उघडले तेव्हा ती आत गेली होती, आणि मशीनं धडधडायला लागली होती.

"नाव विचारलंत का त्याचं?" बायकोनं विचारलं.

मी विचारलं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत थांबावं, असं मनात येऊन गेलं. पण पडघ्याची बस गाठायची होती, आणि शाळेत माझा वक्तशीरपणा सगळ्यांना ठाऊक होता.