तारमास्तरांची फळी

"डावा हात टेकव," हे ते आधी म्हणायचे, मग ये, बस वगैरे. समोर रेडिओ असो, त्यांच्या बायकोचं, म्हणजे काकूंचं, शिवणाचं मशीन असो की चुलीवरचं दूध असो, तारमास्तर डावा तळहात कशावर तरी टेकवायचे, उजव्या हाताचं पहिलं बोट पुढे करायचे आणि मान तिरकी करून ऐकायचे. दुधाच्या पातेल्यातून त्यांना काय ऐकू येत असेल ते त्यांनाच ठाऊक. पण त्यांच्या घरी दूध उतू गेलेलं मी कधी पाहिलं नाही.

डहाणू रोड स्टेशनात तारयंत्रावर सगळी नोकरी काढून ते निवृत्त झाले होते. मसोलीत आमच्या शेजारच्या खोलीत राहायचे. त्यांचं नाव मी लिहीत नाही. गावात ते कुणाला माहीतही नव्हतं. स्टेशनमास्तरांपासून बोंबील विकणाऱ्या बाईपर्यंत सगळ्यांचे ते तारमास्तर.

तारेत फालतू शब्द घालायचा नसतो, ही सवय त्यांच्या जिभेला लागली होती. काकू माहेरी उंबरगावला गेल्या की मी विचारायचो, "मास्तर, जेवण झालं का?" ते सांगायचे, "भात. करपला. खाल्ला." त्यांच्या लग्नाची हकीकत एकदा विचारली तर ती चार शब्दांत संपली. काकू आतून म्हणाल्या, "लग्नातसुद्धा एवढंच बोलले होते."

मी तेव्हा ब्लॉक ऑफिसात क्लार्क होतो. सरकारने गावोगाव रेडिओ दिले होते. लोकांनी चावडीवर, नाहीतर शाळेत जमून बातम्या आणि शेतीचा कार्यक्रम ऐकावा अशी योजना. तलासरीकडच्या डोंगरी गावांत वीज नव्हती, म्हणून रेडिओ बॅटरीवर चालणारे. बॅटरी विटेहून मोठी, आणि पेटी ट्रंकेएवढी. सहा महिने पेट्या बोलल्या. मग एकेक करून मुक्या होऊ लागल्या आणि बैलगाडीतून, एसटीच्या टपावरून माझ्या टेबलाशी येऊन पडू लागल्या. एका गावाने पेटीपुढे नारळ फोडून पाहिला होता. तिच्या जाळीत खोबऱ्याचे कण सापडले.

मी त्या पेट्या मास्तरांकडे नेल्या. त्यांनी पहिली पेटी उघडली, आत पाहिलं आणि म्हणाले, "उंदीर." दुसरी उघडून म्हणाले, "खारी हवा." तिसरी उघडली आणि झाकण परत लावून टाकलं. मग म्हणाले, "दुरुस्त करीन. पुन्हा येईल. त्यांनाच शिकवू."

त्यातून फळी आली. सागाची, हातभर रुंद, दोन हात लांब. मुंबईच्या जुन्या बाजारातून त्यांनी मिलिटरीच्या मोडीत निघालेल्या सेटांचे भाग आणले. शेगडीवर तापवलेल्या झाळकामाच्या सळईने एकेक भाग सोडवला, साफ केला, वेटोळ्यांना मेण दिलं, आणि अख्खा रेडिओ त्या फळीवर उघडा मांडला. पितळी खिळे ठोकून त्यांना तारा झाळल्या. डावीकडे पत्र्याची पट्टी, ती जमिनीला जोडलेली. पेटीत जे एकावर एक कोंबलेलं असतं ते फळीवर शेतासारखं पसरलेलं होतं, कुणालाही दिसावं असं. त्यांचा नियम एकच: पेटी उघडायच्या आधी फळी.

शिकायला पाच गावांतून पाच जण आले. दोन महिन्यांनी एकच उरला, जानू. तलासरीच्या पुढच्या एका पाड्यावरचा, भात-नागलीचं शेत करणारा, पंचविशीचा गडी. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. भागांची इंग्रजी नावं त्याच्या तोंडात बसेनात, तेव्हा त्याने स्वतःची ठेवली. वीज अडवणारा भाग तो बांध. वीज साठवणारा तो मडकं. वेटोळं म्हणजे वेल. "मास्तर, हा बांध फुटलाय, पानी पुढं जास्त चाललंय," असं तो म्हणायचा आणि तिथेच बिघाड असायचा. थोड्याच दिवसांत मास्तरही मडकं आणि बांध म्हणू लागले. निवृत्त झाल्यापासून मी त्यांना इतकं बोलताना ऐकलं नव्हतं.

रोज सकाळी मास्तर फळीत मुद्दाम एक खोड करून ठेवायचे आणि जानूने ती शोधायची. शोधायची रीत ठरलेली. डावा हात पत्र्याच्या पट्टीवर टेकवायचा आणि उजवं बोट एकेका ठिकाणी लावत जायचं. भाग जिवंत असला की कर्ण्यातून टक् असा आवाज येतो, मेलेला असला की येत नाही. बॅटरीची वीज मुंगी चावल्यासारखी चावे, त्याहून जास्त नाही. मास्तर खुर्चीत डोळे मिटून बसायचे. "डावा हात टेकव," ते म्हणायचे. जानू म्हणायचा, "टेकला मास्तर." हा त्यांचा सकाळचा नमस्कार होता म्हणा ना.

विजेवर चालणाऱ्या पेट्यांचा धडा दिवाळीनंतर घ्यायचा असं मास्तरांनी ठरवलं होतं. गावात वीज नाही, घाई काय, असा हिशेब होता. त्यात चूक काय होती हे मला आजही सांगता येत नाही.

भात कापणीला आलं होतं त्या दिवसांत एका सकाळी समुद्राकडच्या चिकूच्या एका वाडीचे शेठ माझ्या ऑफिसात आले. बंगल्यातला रेडिओ बंद पडला होता. मास्तर रेडिओचे काचेचे व्हॉल्व्ह आणायला मुंबईला गेले होते. जानू मात्र गावची नवी बॅटरी न्यायला माझ्याच टेबलासमोर उभा होता. मी म्हटलं, "शेठ, याला न्या. मास्तरांचा चेला आहे, हात चांगला आहे." शेठ त्याला गुजरातीत म्हणाले, "जरा जोई ले ने, भाई," म्हणजे बघून घे. जानू माझ्याकडे पाहून हसला. शेठच्या मोटारीत बसायचं म्हणून त्याने पाय आमच्या पायरीवर घासून घासून पुसले.

काही रेडिओ असे असतात की त्यांच्या आतल्या पत्र्याच्या सांगाड्यातच वीज खेळत असते. हे मला नंतर कळलं. तेव्हा मला पेटी म्हणजे पेटी. बंगल्यातली फरशी नुकतीच पुसलेली होती, जानू अनवाणी होता. त्याने विजेचं बटण चालू ठेवूनच पेटी उघडली आणि त्याला शिकवलं होतं तसं पहिलं काम केलं.

मास्तर संध्याकाळच्या गाडीने येणार होते. मी स्टेशनवर गेलो. ते डब्यातून उतरले, हातात कापडी पिशवी, त्यात भाताच्या तुसात ठेवलेले व्हॉल्व्ह. मी म्हणालो, "जानू वारला. शेठच्या बंगल्यात. विजेची पेटी उघडली होती."

त्यांनी विचारलं, "डावा हात?"

मी म्हणालो, "पत्र्यावर."

ते बाकावर बसले. पिशवीतला एकेक व्हॉल्व्ह काढून कानाशी हलवायचे, आतली तार तुटली आहे का ते ऐकायचे आणि परत तुसात ठेवायचे. सगळे झाले. मग म्हणाले, "शिकवलं मी."

मी म्हणालो, "पाठवलं मी."

एवढंच आम्ही त्या विषयावर बोललो, तेव्हा आणि नंतरही. मला रडू आलं नाही. घरी जाऊन मी जेवलो, आमटी पातळ झाली आहे हेही माझ्या लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात बसून मी नेहमीची पत्रं लिहिली. माणसाला दुःख झालं की ते दिसतं असं आपण समजतो. तसं नेहमी नसतं. माझ्यात कुठेतरी टक् व्हायला हवं होतं, ते झालं नाही, इतकंच मी सांगू शकतो.

मास्तरांनी फळी तोंड भिंतीकडे करून उभी ठेवली. ते रोजच्या वेळी उठायचे, अंघोळ करायचे, खुर्चीत बसायचे. काकूंनी मला एकदा कठड्याशी गाठून सांगितलं, "चहा देते तो घेतात. साखर घालायची विसरले तरी घेतात. भांडले असते तर बरं वाटलं असतं रे."  मीही बिनसाखरेचाच चहा पीत होतो म्हणायचं.

कापणी, झोडणी उरकली. एका सकाळी जानूचा बाप आला. डोक्यावर गावची पेटी, मागे जानूचा धाकटा भाऊ धर्मा. पाड्यावरून चालत रस्त्याला आले होते, तिथून एसटीने. मी ऑफिसला निघालो होतो, तो तिथेच थांबलो. पळून जावंसं वाटलं हे कबूल करतो.

बापाने पेटी ओट्यावर ठेवली. "जानू गेला तवापासून मुकी हाय," तो म्हणाला. मग धर्माला पुढे करून, "याला शिकवा."

मास्तर म्हणाले, "नाही."

"मंग गावात दुसरा कोन हाय?"

 बाप ओट्यावर बसला. चिडला नाही, रडला नाही, आम्हाला काही विचारलंही नाही. एकदाच म्हणाला, "त्याला लय आवडायचं इथं. घरी मडक्याला हात लावून आयकायचा. आई हसायची." काकू आत गेल्या त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

दुपार झाली. मी ऑफिसला गेलोच नाही. शेवटी मास्तर उठले, त्यांनी भिंतीशी असलेली फळी फिरवली आणि पक्कड घेऊन डावीकडची पत्र्याची पट्टी उपटून काढली. पितळी खिळ्यांसकट. मग धर्माला समोर बसवलं.

"डावा हात खिशात," ते म्हणाले.

धर्माने आपल्या अंगाकडे पाहिलं. त्याच्या बंडीला खिसा नव्हता.

मास्तर आत गेले, ट्रंक उघडल्याचा आवाज आला, आणि ते आपला रेल्वेचा काळा कोट घेऊन बाहेर आले. धर्माला तो ढगळ झाला. मास्तरांनी स्वतः त्याचा डावा हात धरून खिशात घातला आणि वरून कोट दाबला. "पेटी चालू, हात खिशात. बॅटरीची असो, विजेची असो. मी सांगेन तेव्हाच काढ. कबूल?" मास्तरांच्या मानाने ते भाषणच होतं.

"कबूल," धर्मा म्हणाला.

तीन वर्षं तो येत राहिला. जानूइतका तो चटपटीत नव्हता. एकेक गोष्ट दहादा सांगावी लागायची आणि मास्तर दहादा सांगायचे, आवाज न चढवता. या खेपेला विजेच्या पेटीचा धडा पहिला झाला. मास्तर आता डोळे मिटून बसत नसत. धर्माचा डावा खांदा जरासा हलला तरी ते खुर्चीत पुढे सरकायचे. मे महिन्यात कोटाच्या पाठीवर घामाने मिठाची नक्षी उमटायची. काकू म्हणायच्या, "अहो, निदान बंडीला खिसा शिवून देते." मास्तर मान हलवून नाही म्हणायचे. कोट जड होता, त्यातून हात चटकन निघत नसे. तेच त्यांना हवं होतं.

मास्तर पुढे पावसाळ्यात वारले, ताप आला आणि पाच दिवसांत आटोपलं. दहाव्याला धर्मा आला होता. फळी काकूंनी त्याला दिली. काकू उंबरगावला भावाकडे गेल्या आणि शेजारची खोली एका पोस्टमनने घेतली. माझी बदली झाली. मास्तरांची आठवण येते का, असं कुणी विचारलं तर मी येते म्हणायचो. खरं म्हणजे मी ती येऊ देत नव्हतो.

दोन वर्षांनी कामानिमित्त तलासरीला जाणं झालं. बाजाराच्या कडेला एका दुकानाच्या पुढच्या पडवीत धर्मा बसलेला दिसला. पाठीमागे भिंतीला फळी टांगलेली. आता हातात मावणारे ट्रान्झिस्टर आले होते. तसाच एक त्याच्यापुढे उघडा होता आणि बारीक आवाजात गात होता. मालक, एक म्हातारा, उकिडवा बसून पाहत होता. धर्मा उजव्या हाताने स्क्रू फिरवत होता. पेटी सरकली की गुडघ्याने अडवत होता. अंगात तो काळा कोट, आणि डावा हात खिशात.

मी त्याच्याजवळ बसलो. इकडचं तिकडचं बोलणं झालं. बाप बरा आहे म्हणाला. मी म्हटलं, "धर्मा, यात टॉर्चचे सेल असतात. जिभेला लावलेस तरी काही होत नाही. हात काढ की, काम लवकर होईल."

"ठावं हाय," तो म्हणाला. त्याने स्क्रू तोंडात धरला, झाकण बसवलं, स्क्रू परत लावला. सगळं एका हाताने. मग माझ्याकडे न पाहता म्हणाला, "मास्तर म्हनले व्हते, मी सांगीन तवा काढ. त्यांनी सांगितलं नाय."